कारवी आणि कासव : उर्से ते वेळास

कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाटीने वाढणारे झुडूप, तर ऑलिव्ह रिडले हे कोकणच्या वाळूत अंडी घालायला येणारे समुद्री कासव. कारवी जिथे रुजते तिथेच मरते. कासवाची मादी आयुष्यभर समुद्रात भटकते आणि अंडी घालण्यापुरतीच तासाभरासाठी जमिनीवर येते. नराला तर किनाऱ्यावर यायचे कारणच पडत नाही. एवढे अंतर असूनही वंश चालवण्याचा दोघांचा हिशेब पुष्कळसा सारखा आहे. भरमसाट संतती एकाच सुमारास जन्माला घालायची, खाणाऱ्यांना पोटभर खाऊ द्यायचे आणि उरेल तेवढ्यावर पुढची पिढी उभी करायची.

हा हिशेब पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातल्या उर्से गावातून निघून रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासपर्यंत जाणारी वाट सोयीची आहे. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. अडचण एवढीच की एका फेरीत काम होत नाही. कारवी फुलते भाद्रपद-आश्विनात, कासवाची पिल्ले वाळूतून वर येतात माघ ते चैत्रात. त्यातून कारवी दरवर्षी फुलत नाही. तेव्हा दोन ऋतू, दोन फेऱ्या आणि पहिल्या फेरीसाठी कदाचित काही वर्षांची वाट, अशी तयारी ठेवूनच निघावे लागते.

उर्से बहुतेकांना ठाऊक आहे ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यामुळे. नाक्यावर गाडी थांबते, पावती होते आणि गाव मागे पडते. प्रत्यक्षात हे पवन मावळच्या तोंडाशी वसलेले गाव आहे. पवना, आंदर आणि नाणे ही मावळची तीन खोरी. तिन्हींत पश्चिमेकडे सरकावे तसा पाऊस वाढत जातो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, उर्स्याच्या वाट्याला त्याच्या निम्मासुद्धा येत नाही. कारवीचा नकाशा हाच पाऊस आखतो. उर्से खिंडीच्या आसपासच्या टेकड्यांवर गवत आणि खुरटी झुडपेच जास्त दिसतात. पवनानगरकडे, म्हणजे जुन्या माणसांच्या काळे कॉलनीकडे, रस्ता वळला की डोंगरांचा रंग बदलू लागतो. तिकोना आणि तुंगाच्या पायथ्याची राने, दुधिवरे खिंड ओलांडल्यावरचा लोहगडाचा उतार, लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड, पलीकडे राजमाची आणि ढाकचे रान हा सगळा कारवीचा मुलूख.

कारवी प्रथम ओळखायची पानावरून. पान लांबट, वीतभर, कडांना दातेरी आणि हाताला खरखरीत लागणारे. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. नीस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ते दिले. स्ट्रोबिलँथिस म्हणजे शंकूसारख्या फुलोऱ्याची आणि कॅलोसा म्हणजे घट्टे पडलेली. अडुळसा आणि कोरांटी ज्या कुळातली, त्याच कुळात ही मोडते. पूर्ण वाढलेली कारवी माणसापेक्षा उंच, क्वचित दुप्पट होते. खोड मात्र फारसे जाड होत नाही. काठी म्हणून धरावी इतपत जाडीची सरळ खोडे एकमेकांना खेटून उभी असतात आणि अशा रानातून पायवाट नसेल तर माणसाला आडवे होऊनच घुसावे लागते. जोराच्या पावसात उतारावरची माती धरून ठेवण्यात या दाट मुळांचा मोठा वाटा असतो. मावळातल्या पावसाळ्यात ही गोष्ट लहान नव्हे.

पहिल्या पावसात रुजलेले रोप पुढची सहा-सात वर्षे एकच नेम पाळते. पावसाळ्यात पाने धरायची, हिवाळा सरता सरता ती टाकायची, उन्हाळाभर नुसत्या काटक्यांनिशी उभे राहायचे आणि जूनमध्ये पुन्हा हिरवे व्हायचे. या वर्षांत त्याला फूल येत नाही. मग सातव्या किंवा आठव्या वर्षी, पावसाचा जोर ओसरू लागला की एका डोंगरावरची जवळजवळ सगळी कारवी एकदम कळ्या धरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. सह्याद्रीत सर्वत्र हेच वर्ष असते असे नाही. प्रत्येक डोंगराचे आपापले खाते असते. एका उताराचे वर्ष समोरच्या उताराला लागू पडेलच असे नाही आणि भर बहराच्या आगेमागे फुलणारी चुकार झुडपेही असतात. म्हणून मावळात बहराची चौकशी करायची ती तालुक्याच्या नावाने करून भागत नाही. डोंगराचे नाव घेऊन गुराख्याला विचारावे लागते. त्याला आठवत असते, कारण मागच्या बहरानंतर गोठ्यासाठी काठ्या कोणत्या साली तोडल्या हे घरात कुणीतरी मोजलेले असते.

बहराच्या दिवसांत गायमुख खिंडीत उभे राहिले तर प्रथम जाणवतो तो आवाज. सातेरी मधमाश्या, आग्या मोहोळाच्या माश्या आणि भुंगे यांची घरघर सकाळी ऊन पडल्यापासून सुरू होते. फूल जांभळट निळे, घंटेसारखे, तळाशी फिकट. फुलोऱ्यावर चिकट केस असतात. त्यांना उग्र वास येतो आणि रानातून बाहेर पडेपर्यंत तो कपड्यांनाही लागतो. निळ्या उतारांचे फोटो काढणाऱ्यांना या चिकटपणाची कल्पना नसते. सदरा परत घरी आल्यावर ती येते. कारवीच्या बहराच्या वर्षी मधही भरपूर निघतो. महाबळेश्वरच्या मधपाळांच्या बोलण्यात कारवी, व्हायटी, आखरा ही एकाच गोतातली नावे नेहमी येतात. कुठले साल कशाच्या मधाचे, हे ते या झुडपांवरूनच सांगतात.

फुले गळाली की झुडूप बोंडे धरते आणि वाळू लागते. हा त्याचा शेवट असतो. केळ, घायपात आणि बांबू यांच्याप्रमाणे कारवीही एकदाच फळते आणि मरते. साठवलेले सगळे त्या एका हंगामात खर्चून टाकायचे, मागे काही ठेवायचे नाही, असा हा व्यवहार. वाळलेल्या खोडांवर बोंडे मात्र तशीच टिकून राहतात. हिवाळा जातो, उन्हाळा जातो. पुढच्या वर्षी वळवाचे किंवा मृगाचे पाणी बोंडाला लागले की त्याची दोन शकले ताडकन उघडतात आणि आतल्या आकड्यांच्या जोराने बिया दूर उडतात. पहिल्या पावसाच्या दिवशी मेलेल्या कारवीच्या रानात तडतड ऐकू येते ती हीच. बी झाडापासून फार लांब जात नाही, काही हातांवर पडते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कारवी त्याच उतारावर राहते आणि एकाच पावसात रुजल्यामुळे सगळ्या उताराचे वयही एकच असते. पुढच्या बहराची तारीख त्याच दिवशी पडून गेलेली असते.

मेलेल्या कारवीला माणसांच्या घरात जागा आहे. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांमधून कारवीच्या कुडाच्या भिंती आजही पाहायला मिळतात. वाळलेल्या काठ्या सारख्या लांबीच्या तोडून शेजारीशेजारी उभ्या लावायच्या, आडव्या काठ्यांनी त्या बांधून घ्यायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणामातीचे लिंपण द्यायचे. काही जण आतल्या अंगालाच लिंपतात. बाहेरून काठ्या उघड्या राहतात, सांदीतून वारा खेळतो, धूर निघून जातो. पावसाळ्यानंतर गेलेले लिंपण दसऱ्या-दिवाळीच्या आधी पुन्हा चढवले जाते. पत्रा आणि सिमेंटच्या विटा आल्यापासून घराच्या भिंती बदलल्या. गोठे, कोंबड्यांची खुराडी, परसाची कुंपणे आणि वेलांचे मांडव यांत मात्र कारवी टिकून आहे.

सगळ्यांनी एकदम फुलायचे कारण काय, याचे उत्तर बियांच्या खाणाऱ्यांत सापडते. दरवर्षी थोडे थोडे बी पडले असते तर रानातली पाखरे, उंदीर आणि मुंग्या यांनी ते दरवर्षी संपवले असते. सहा-सात वर्षे काहीच मिळाले नाही की या खाणाऱ्यांची संख्या कारवीच्या भरवशावर वाढू शकत नाही. मग एका वर्षी बियांचा एवढा सडा पडतो की सगळ्यांची पोटे भरूनही पुष्कळ उरते. अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ साली बांबूंच्या दीर्घ फुलोऱ्यामागे हेच कारण मांडले आणि पुढे ते इतरही अनेक जीवांना लावून पाहिले गेले. निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांवर बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी ही कारवीची सख्खी नातलग. तिचा मोठा बहर २००६ आणि २०१८ मध्ये आला. या युक्तीला दुसरी बाजूही आहे. मिझोराममध्ये अठ्ठेचाळीस वर्षांनी एका जातीचा बांबू फुलतो, तेव्हा त्याच्या फळांवर उंदीर बेसुमार वाढतात आणि फळे संपली की भातशेतीत उतरतात. १९५९ मध्ये त्यातून तिथे दुष्काळ पडला आणि तिथल्या राजकारणाची दिशाच बदलली. कारवीने अशी आपत्ती आणल्याचे मावळात ऐकिवात नाही. तिचे बी बारीक आहे, बांबूच्या फळासारखे पोटभरीचे नाही.

खाणाऱ्यांना तृप्त करून टाकण्याची हीच युक्ती समुद्रात ऑलिव्ह रिडले वापरते. ती पाहायला दुसरी फेरी.

फाल्गुनात उर्से सोडले की कोकणात उतरायला दोन वाटा आहेत. लोणावळ्यावरून खोपोली, पाली, वाकण, कोलाड, माणगाव ही एक. पवन मावळातून पौडकडे उतरून मुळशी आणि ताम्हिणी घाटाने माणगाव गाठायचे ही दुसरी. दुसरी जास्त वळणांची आहे, पण घाटमाथ्यावर वाळक्या कारवीचे उतार पुन्हा भेटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्यात बघण्यासारखे काही नसते. करड्या काटक्या आणि खाली जमिनीवर पाचोळ्याचा थर. वणव्याला हे दिवस आवडतात. ताम्हिणीच्या घाटात आणि मावळच्या डोंगरांवर काळे पट्टे दिसतात ते याच महिन्यांतले. माणगावनंतर म्हसळा, आणि पुढे बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. इथून पलीकडच्या वेश्वीला गाड्या चढवणारी फेरीबोट जाते. खाडीच्या मुखाशी एका अंगाला हरिहरेश्वर, दुसऱ्या अंगाला बाणकोटचा किल्ला. वेश्वीहून बाणकोटच्या बाजूने डोंगर वळसा घालत रस्ता वेळासला उतरतो. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याची घरे, सारवलेली अंगणे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे इथले. गावापासून किनारा थोडा दूर आहे. मधल्या वाटेवर खाजण लागते, मग सुरूची झाडे आणि त्यांच्या पलीकडे वाळू.

ऑलिव्ह रिडलेचे शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया. पाठीचा रंग ऑलिव्हसारखा हिरवट करडा, म्हणून हे नाव. समुद्री कासवांत ते लहानांपैकी एक मानले जाते. कवचाची लांबी साठ ते सत्तर सेंटिमीटर आणि वजन पस्तीस ते पन्नास किलोच्या दरम्यान. मादी साधारण बारा-पंधरा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालते. कारवीशी वयाचा ताळा घालून पाहिला तर गंमत दिसते. २००८ च्या मोसमात वेळासच्या वाळूतून निघालेले पिल्लू मादी म्हणून अंड्यांवर येईपर्यंत २०२० चे दशक उजाडते. मधल्या काळात मुंबईच्या डोंगरांवर २००८ ची कारवी फुलून मेलेली असते, तिच्या बियांतून उगवलेली २०१६ ला फुलून मेलेली असते आणि तिसरी पिढी वयात येत असते. कासवाची मादी मात्र त्यानंतरही पुढची कित्येक वर्षे, बहुधा दरवर्षी, अंडी घालत राहते. कारवीने एकाच डावात सगळे लावले, कासव थोडे थोडे लावत राहते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मादी येते नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, रात्री, शक्यतो भरतीच्या वेळी. भरतीरेषेच्या वर कोरडी वाळू सापडेपर्यंत ती पंजे आळीपाळीने टाकत सरपटते. तिच्या मागे उमटणारा पट्टा लहान ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. मग मागच्या पंजांनी, मान वळवून न पाहता, ती हातभर खोल खड्डा खणते. तोंड निमुळते आणि तळ फुगीर, मडक्याच्या आकाराचा. त्यात टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभर ते दीडशे अंडी पडतात. कवच चामड्यासारखे लवचिक असल्यामुळे ती फुटत नाहीत. खड्डा बुजवल्यावर मादी डावीउजवीकडे झुकत सगळ्या वजनानिशी वाळू ठोकून घेते. जमीन चोपणीने चोपावी तसा धप् धप् आवाज होतो. डोळ्यांतून पाणी वाहत असते, पण ते दुःखाचे नव्हे. अंगातले जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचा तो स्राव. तासाभरात ती समुद्रात परतलेली असते आणि अंड्यांकडे पुन्हा वळून पाहत नाही. या एका बाबतीत कारवी आणि कासव तंतोतंत सारखे आहेत : दोघेही आपली संतती पाहत नाहीत.

ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर, तसेच मेक्सिको आणि कोस्टारिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, या कासवांच्या माद्या काही रात्रींत हजारोंनी, लाखोंनी एकदम येतात. स्पॅनिश भाषेत याला अरिबाडा म्हणतात, म्हणजे आगमन. तिथे दाटी एवढी असते की उशिरा आलेली मादी आधीच्या मादीची अंडी उकरून टाकते. कोल्हे, कुत्रे, घारी आणि खेकडे खाऊन खाऊन थकतात. कारवीच्या एका डोंगराचे हे समुद्राकाठचे रूप. वेळासला मात्र अरिबाडा होत नाही. कोकणात माद्या एकट्यादुकट्या येतात, आज एक, चार दिवसांनी दुसरी. चुकार फुललेल्या कारवीसारखी त्यांची अवस्था होते. गर्दीचा आडोसा नसल्यामुळे एकेक घरटे कोल्ह्याला, कुत्र्याला, घोरपडीला आणि माणसाला सहज सापडते. पूर्वी किनाऱ्यावरचे लोक अंडी उकरून विकत, खात.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होते. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने त्याच मोसमात तिथे संरक्षणाचे काम सुरू झाले. आधी अंडी काढणाऱ्यांनाच ती शोधण्याचे काम मिळाले, आणि पट्टा पाहून घरटे नेमके ओळखण्याची त्यांची हातोटी उपयोगी पडली. पहाटे किनाऱ्यावर चालत जायचे, घरटे सापडले की अंडी वर-खाली न फिरवता काढायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून ठेवायची. पुढे गावकरी, ग्रामपंचायत आणि वन विभाग यांनी हे काम उचलले, कासव महोत्सव भरू लागला आणि वेळासच्या घरांत पाहुणे उतरू लागले. आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, सिंधुदुर्गातले वायंगणी अशा कितीतरी किनाऱ्यांवर आता अशी कुंपणे दिसतात. किनाऱ्यावर राबणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात.

अंडी उबायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात. ऊब सूर्याची, आईची नव्हे. वाळू किती तापते यावर पिल्लू नर की मादी हे ठरते. साधारण तीस अंशांच्या वर गेले की माद्या जास्त, खाली राहिले की नर जास्त. म्हणून कुंपण कुठे घालावे आणि सावली किती द्यावी हा कासवमित्रांच्या दृष्टीने मोठा प्रश्न असतो. कारवीला ही भानगड नाही. तिच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, माशीने एका फुलावरून दुसऱ्यावर जावे एवढीच तिची गरज.

मुदत भरत आली की प्रत्येक घरट्यावर वेताची टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलून पाहायची. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलणारी, कारवीची ठेंगणी बहीण पालथ्या टोपलीसारखी दिसते, म्हणून तिला टोपली कारवी म्हणतात. वेळासच्या कुंपणात पालथ्या टोपल्यांच्या रांगा पाहिल्यावर पठारावर गेलेल्या माणसाला तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

टोपली उचलल्यावर कधी काहीच नसते. कधी वाळू मध्येच बशीसारखी खचलेली असते. खाली पिल्ले हलू लागल्याची ती खूण. कधी चार-सहा काळपट, बोटभर पिल्ले टोपलीला टेकून बसलेली असतात आणि त्यांच्या पाठोपाठ वाळूतून आणखी डोकी वर येत असतात. पिल्ले अंड्यातून निघाली तरी लगेच वर येत नाहीत. एकमेकांच्या अंगावरून धडपडत ती घोळक्याने वर सरकतात आणि वरची वाळू तापलेली असेल तर तिथेच थांबतात. वाळू निवली की रात्र झाल्याची खात्री पटते आणि घोळका बाहेर पडतो. बोंड पाण्याची वाट पाहते, पिल्लू गारव्याची. दोघांनाही चुकीच्या वेळी बाहेर पडणे परवडत नाही.

पिल्ले पाण्यात नेऊन सोडत नाहीत. काही पावले अलीकडे वाळूवर ठेवतात आणि दोरीच्या मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांसमोर ती आपली आपण चालत जातात. काही सरळ जातात, एखादे उलटे फिरते. पहिली लाट त्याला दोन हात मागे आणून टाकते, दुसरी घेऊन जाते. अंगठ्याच्या नखाएवढ्या पंजांची रांगोळी वाळूवर राहते आणि पुढच्या लाटेला पुसली जाते. या पिल्लांतून हजारात एखादेच मोठे होते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कारवीच्या बियांचा हिशेब कुणी मांडला तर तोही याहून उदार निघणार नाही.

यानंतरचा प्रवास मात्र दोघांना अगदी वेगळ्या दिशांना नेतो. कारवीचे बी मेलेल्या आईच्या आसपासच रुजते. कासव कुठवर जाते हे अलीकडेच कळू लागले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव ठेवले प्रथमा. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी हा प्रयोग केला आणि आंजर्ले, गुहागर येथेही माद्यांना यंत्रे लावली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्याच वाळूत मिळाला. तिथे अंडी घालणाऱ्या मादीच्या पंजावर धातूची पट्टी होती आणि ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली निघाली. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा पल्ला. मादी जन्मकिनाऱ्याकडेच परतते हा नियम किती ताठ धरायचा, याचा विचार या एका पट्टीने करायला लावला. लाखांच्या गर्दीत अंडी घालणारी मादी कोकणात एकटीनेही घालू शकते हेही त्यातून दिसले.

कायद्याच्या लेखी दोघांची स्थिती सारखी नाही. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचे अंडे उचलणेही गुन्हा. कारवी दुर्मीळ नाही, त्यामुळे तिला कुठली अनुसूची नाही. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात ती वाचते ती जागेच्या आडोशाने. मावळात मात्र तिचे उतार नेमके त्याच जागी आहेत जिथून धरणाचा जलाशय आणि किल्ला एका नजरेत दिसतो, आणि अशा जागांना बंगल्यांसाठी गिऱ्हाईक असते. सपाटीकरणाचे यंत्र पाचव्या वर्षाच्या कारवीवर फिरले तर ती कधीच फुलली नाही असे होते, तिचे बी मातीत शिल्लक नसते. घरटे हलवता येते, कुंपण घालता येते. उतार हलवता येत नाही. वेळासला जत्रा भरते आणि गावाला चार पैसे मिळतात, कारवीला सात-आठ वर्षांनी एकदा फोटो मिळतात. या दोघांत कुणाची बाजू कच्ची, हे त्यावरून उघड आहे.

प्रवास करणाऱ्यासाठी हिशेब सोपा आहे. वेळासला फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जावे, मुक्काम गावातल्या घरात करावा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा किनाऱ्यावर हजर राहावे, कारण पिल्ले निघतीलच अशी हमी कुणी देत नाही. किनाऱ्यावर विजेरी आणि फ्लॅश चालत नाही. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. मावळात कारवीसाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा, पायवाट सोडू नये आणि अंगावर जुने कपडे असावेत.

मेच्या अखेरीस वेळासच्या कुंपणातली शेवटची टोपली उचलली जाते, जाळी गुंडाळून ठेवली जाते आणि खांबांचे खड्डे वाऱ्याने भरून येतात. मग घाटमाथ्यावर ढग चढतात. आदल्या वर्षी कारवी फुललेल्या उतारावर पहिली सर पडते आणि वाळक्या काटक्यांतून बोंडे एकामागून एक तडकू लागतात.